सिलिंडर जेवढा उकळेल तेवढीच वीज

शेतात हुरड्याची रात्र असो की उजनीच्या काठावरचा तंबू, एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या जनरेटरचा एक गुण मान्य करावाच लागतो: त्याचं इंधन शिळं होत नाही. टाकीत सहा महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रात, चिकट थर धरतं आणि ऐन वेळी दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. गॅसचं तसं नाही. जनरेटर वर्षातून चार-दोनदाच बाहेर निघत असेल, तर गॅसवरचाच घ्यावा.

मात्र तो पेट्रोलच्या हिशोबाने वापरला की फसगत होते. थंडीच्या पहाटे, सिलिंडरमध्ये गॅस शिल्लक असताना इंजिन वर-खाली होऊ लागतं, दिवे मिणमिणतात आणि सगळे स्पार्क प्लगच्या मागे लागतात. खरा घोटाळा सिलिंडरच्या आत असतो.

सिलिंडरमधला गॅस द्रवरूपात असतो, इंजिनाला मात्र वाफ लागते. एक किलो द्रवाची वाफ व्हायला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती बाहेरच्या हवेतून, सिलिंडरच्या पत्र्यातून आत यावी लागते. १ किलोवॉट लोडवर छोटं इंजिन तासाला अर्ध्या किलोच्या आसपास गॅस खातं. म्हणजे सिलिंडरला सतत ५० वॉट उष्णता हवी. ती तेवढ्या वेगाने आली नाही, की द्रव स्वतःचीच उष्णता खर्चून थंड होत जातो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, तेच हे विज्ञान. ५ किलोचा सिलिंडर अशा लोडवर दोन-तीन तासांत भोवतालच्या हवेपेक्षा १५-२० अंशांनी गार होऊ शकतो. त्याच्या अंगावर दव धरतं. जिथपर्यंत दव, तिथपर्यंत आत द्रव.

आता मिश्रणाचा मुद्दा. एलपीजीत मुख्यतः दोन वायू असतात: प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. परदेशी जनरेटरच्या माहितीपत्रकातले आकडे प्रोपेन गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्या सिलिंडरमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. प्रोपेन आधी निघून जातो, ब्युटेन मागे उरतो. जानेवारीत सोलापूरची पहाट १४-१५ अंशांवर आली आणि सिलिंडर त्याहून वीस अंश खाली गेला, तर तळाचा ब्युटेन जवळजवळ उकळतच नाही. वजन केलं तर किलो-दीड किलो गॅस भरतो, पण इंजिनाच्या वाट्याला काही येत नाही.

यावर स्वस्त तोडगा आहे. सिलिंडर घमेल्यात किंवा टबात उभाच ठेवून त्याच्या भोवती २० लिटर पाणी भरायचं. ५० वॉट उष्णता काढून घेतली तरी एवढं पाणी तासाला दोन अंशांनीच उतरतं. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी थंडीतही कोमट असतं, तेच वापरावं. गरम पाणी, शेकोटीची ऊब किंवा एक्झॉस्टची झळ यांपैकी काहीही सिलिंडरजवळ नको. मोठं लोड रात्रभर चालवायचं असेल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. द्रव जास्त, पत्रा जास्त, म्हणून तो हळू गार होतो. घेताना एवढं विचारा की त्यातून वाफ निघते ना. काही व्यावसायिक सिलिंडर द्रव गॅस काढण्यासाठी बनवलेले असतात, ते इथे चालत नाहीत. याच कारणाने कोणताही सिलिंडर आडवा ठेवून जनरेटर चालवू नये. द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर यासाठी वापरणं नियमबाह्य आहे. त्याऐवजी ५ किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर आहेच.

रेग्युलेटरही तपासा. शेगडीचा साधा रेग्युलेटर तासाला अर्ध्या किलोच्या आसपासच गॅस देतो. २ किलोवॉटच्या जनरेटरला पूर्ण लोडवर जवळपास दुप्पट लागतो, त्यामुळे मिक्सर लावला की इंजिन बसतं. जास्त प्रवाहाचा, पण जनरेटरच्या पुस्तिकेत दिलेल्याच दाबाचा रेग्युलेटर हवा. नळी आयएसआय खुणेची आणि पाच वर्षांच्या आतली असावी. जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघा.

उन्हाळ्यात चित्र उलटं. सिलिंडर मजेत असतो, इंजिन दमतं. पेट्रोलवर २ किलोवॉट देणारं इंजिन गॅसवर १.८ च्या आसपास येतं. सोलापूरची उंची सुमारे ४६० मीटर, तिथे आणखी ५ टक्के गेले. ४२ अंशांची विरळ हवा दोन-तीन टक्के नेते. उरले साधारण १.६५, आणि सतत चालवायचं तर त्याच्या पाऊण पट, म्हणजे सव्वा किलोवॉट. एवढ्यात दिवे, पंखे, फोन-लॅपटॉप आरामात चालतात. अर्ध्या एचपीची मोटर मात्र सुरू होताना तिप्पट ओढते, तेव्हा बाकी सगळं आधी बंद करावं. इंडक्शन शेगडीचा विचार सोडा. गॅस जाळून वीज, विजेवर पुन्हा चहा, यात पाचातले चार भाग वाया जातात. शेजारी साधी गॅस शेगडी ठेवावी.

ऑनलाइन स्वस्तात दिसणारं परदेशी मॉडेल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं, म्हणजे आपल्या उपकरणांना न चालणारं, नाही ना, हे घेण्याआधी बघा.

सुरू करताना जनरेटर दोन्ही इंधनांचा असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्या. लोड दोन-तीन मिनिटांनी जोडा. थांबवताना आधी लोड काढा, मग सिलिंडर बंद करा. नळीतला गॅस संपून इंजिन आपोआप थांबेल. उतारावर ठेवलेलं यंत्र सुरूच होत नसेल तर बिघाड शोधण्याआधी ते सपाट जागी आणा. तिरक्या इंजिनात ऑइल एका बाजूला जातं आणि कमी ऑइलचा सेन्सर ठिणगी तोडतो. काळ्या रानातली धूळ एअर फिल्टर लवकर तुंबवते, म्हणून मुक्कामागणिक तो झटकावा.

जागा निवडताना दोन वायूंचा विचार करायचा. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, त्यामुळे गळालेला गॅस ओढ्यात, खड्ड्यात, बांधाच्या सखलात साचतो. सिलिंडर उंचवट्यावर हवा. दुसरा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासच नाही, आणि गॅसवरचं इंजिनही तो सोडतंच. जनरेटर तंबूपासून किमान ६ मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक्झॉस्टचं तोंड पलीकडे. ताडपत्रीखाली किंवा गाडीच्या उघड्या डिकीतही तो चालवू नये. डोकं दुखून मळमळायला लागलं तर ॲसिडिटी समजून पडून राहू नका, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या.

आणि दोन दिवे, एक पंखा, चार फोन एवढंच काम असेल तर जनरेटर कशाला? दीडशे वॉटचं हे लोड १ किलोवॉट-तासाची लिथियम बॅटरी सहा तास ओढते. ३ किलोवॉटचं यंत्र तेवढ्यासाठी रात्रभर फडफडत ठेवलं तर गॅस जातो तो मुख्यतः इंजिन फिरतं ठेवण्यातच.