मामा, भाची आणि ०.२५४

परवा परत ते रील आलं, राजघराण्याचं निळं रक्त आणि स्पेन-ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याला लागलेला शाप वगैरे. शापबिप काही नाही हो, शाळेतल्या अपूर्णांकांचं गणित आहे ते.

चित्रकार वेलास्केझचं १६५६ चं 'लास मेनिनास' चित्र बघा, मधोमध घेरदार झग्यातली छोटी पोरगी आहे ती स्पेनची राजकन्या मार्गारीटा. तिची आई मारियाना ऑस्ट्रियाची, तिचं लग्न मामेभावाशी ठरलेलं, तो १६४६ मध्ये वारला, मग त्याचा विधुर बाप म्हणजे तिचा सख्खा मामा, स्पेनचा राजा चौथा फिलिप यानेच १६४९ मध्ये तिच्याशी लग्न केलं. ती १४, तो ४४. राज्य घराबाहेर जायला नको एवढाच हिशोब, पोरीला कोण विचारतंय!

आता माझा आवडता भाग. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची एक बापाची. बऱ्याच आजारांत एक प्रत बिघडली तरी दुसरी निभावून नेते, दोन्ही बिघडल्या की वांधे. नात्यातल्या लग्नाने नवा बिघाड तयार होत नाही, लपलेला बाहेर येतो. दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता म्हणजे इनब्रीडिंग कोइफिशंट. मामा-भाचीच्या मुलासाठी रस्ता मोजा: मामा, आजी, भाचीची आई, भाची. चौघं, प्रत्येक टप्प्यावर तीच प्रत असण्याची शक्यता निम्मी, म्हणून प्रत्येकाला अर्धा, चार वेळा गुणून १/१६. आजोबांकडून तसाच दुसरा रस्ता, बेरीज १/८. सख्ख्या बहीणभावाचं मूल असतं तर १/४.

मग मार्गारीटाचा भाऊ, पुढे स्पेनचा राजा झालेला दुसरा कार्लोस १/८ वर असायला हवा ना? २००९ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी १६ पिढ्यांची वंशावळ लावून काढलेला आकडा आहे ०.२५४, म्हणजे बहीणभावाच्या मुलापेक्षाही किंचित जास्त! कारण मारियानाचा बाप स्वतः फिलिपचा मामेभाऊ, त्याच्या मागे अजून तसंच, आणि प्रत्येक जुना रस्ता बेरजेत थोडी भर घालतो. १५२७ ते १६६१ मध्ये स्पेनच्या या राजघराण्यात ३४ मुलं जन्मली, १७ दहा वर्षांच्या आत गेली, दाई-वैद्य दिमतीला असून. कार्लोसला मात्र चेटूक झालंय म्हणून मांत्रिकी उपाय चालले होते.

आणि मार्गारीटा? १६६६ मध्ये तिचंही लग्न सख्ख्या मामाशी, म्हणजे मारियानाच्या भावाशी, सम्राट लिओपोल्डशी. चार मुलं, जगली एकच, आणि ही २१ व्या वर्षी गेली. त्या जगलेल्या मारिया अँटोनियाचा आकडा तर ०.३०५ आहे. कार्लोस १७०० मध्ये निपुत्रिक वारला आणि गादी शेवटी फ्रेंच बूर्बाँ घराण्याकडे गेलीच.

आता कोणीतरी विचारणारच, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात त्याचं काय. एकच लग्न असेल तर १/१६, पिढ्यानपिढ्या तेच चालू असेल तर वरची बेरीज परत वाचा, आणि घरात थॅलेसेमियासारखं काही असेल तर पत्रिका जुळवण्याआधी रक्त तपासा.