गांजा कायदेशीर करण्याची चळवळ: समित्यांकडून मतपेटीकडे

गांजा कायदेशीर करा ही मागणी हिप्पींच्या काळातली, असं सरसकट मानलं जातं. ते खरंच आहे, पण चळवळीच्या हातातला सगळ्यात जुना पुरावा त्याच्या सत्तर वर्षं आधीचा आहे, आणि तो गोळा केला होता ब्रिटिश सरकारनं. हिंदुस्थानातल्या गांजा, भांग आणि चरसची चौकशी करायला १८९३ साली नेमलेल्या आयोगानं हजारावर साक्षीदार तपासले. बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. बंदी नको, परवाने द्या आणि कर घ्या, असं त्याचं म्हणणं पडलं.

जग मात्र उलट्या दिशेनं गेलं. १९२५ साली जिनिव्हात इजिप्तनं आग्रह धरला आणि गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९३७ मध्ये अमेरिकेनं कराच्या कायद्याआडून त्याची कोंडी केली. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं तर जिथं पिढ्यान्‌पिढ्या वापर चालत आला होता तिथंही तो २५ वर्षांत बंद करायला सांगितलं. भारताचा १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा याच दडपणाखाली आला. त्याच्या व्याख्येतून नुसती पानं आणि बिया सुटल्या, म्हणून भांग वाचली आणि गांजा गेला.

चळवळ म्हणावी अशी सुरुवात ऑगस्ट १९६४ मधली. सॅन फ्रान्सिस्कोत एक तरुण पोलिसांच्या इमारतीत शिरला, गांजाची सिगारेट पेटवली आणि मला अटक करा म्हणाला. अटक झाली, आणि त्याच्या वकिलानं ‘लेमार’ (‘लीगलाइझ मारिजुआना’, म्हणजे गांजा कायदेशीर करा) ही संघटना काढली. काही महिन्यांतच कवी ॲलन गिन्सबर्ग न्यूयॉर्कच्या रस्त्यावर फलक घेऊन उभा राहिला. २४ जुलै १९६७ ला लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली: गांजाबंदीचा कायदा तत्त्वतः अनैतिक आहे आणि व्यवहारात चालणारा नाही. खाली बीटल्सच्या चौघांच्या, शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकच्या, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनच्या सह्या. गाजावाजा भरपूर झाला, कायदा होता तिथेच राहिला. मोठी नावं मथळे मिळवून देतात, मतं नव्हे.

समित्यांचाही उपयोग झाला नाही. ब्रिटनमध्ये सरकारनंच नेमलेल्या वूटन समितीनं शिक्षा सौम्य करायला सांगितलं. गृहमंत्री कॅलहॅन यांनी ते संसदेत धुडकावलं. अमेरिकेत खुद्द अध्यक्ष निक्सननं नेमलेल्या शेफर आयोगानं १९७२ मध्ये, स्वतःपुरता गांजा बाळगणं गुन्हा ठरवू नका, असं सुचवलं. निक्सननं साफ नकार दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मागणी मतदानाला गेली, तिथं जेमतेम एकतृतीयांश लोकांनी होकार दिला. १९७० मध्ये कीथ स्ट्रूप यांनी काढलेल्या ‘नॉर्मल’ या संस्थेनं वकिली मार्गानं नेट लावला, ओरेगॉननं १९७३ मध्ये तुरुंगाऐवजी दंड आणला. पण अध्यक्ष रेगन यांच्या काळात पुन्हा सगळं थंडावलं.

पारडं फिरवलं ते रुग्णांनी. काचबिंदूनं दृष्टी गमावत चाललेले रॉबर्ट रँडल यांनी घरात गांजाची रोपं लावल्याबद्दल खटला अंगावर घेतला. गांजामुळे आपल्या डोळ्यांतला दाब कमी होतो हे त्यांनी कोर्टात दाखवून दिलं आणि १९७६ मध्ये ते सुटले. पुढं सरकारच त्यांना सरकारी शेतातला गांजा पुरवू लागलं! मग एड्सची साथ आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात मेरी जेन रॅथबन ही आजीच्या वयाची स्वयंसेविका अन्न पोटात न ठरणाऱ्या तरुण रुग्णांना गांजा घातलेल्या ब्राउनी वाटायची. तिला एकदा नव्हे, तीनदा अटक झाली. अशा बाईला बेड्या घालताना पोलिसांची काय शोभा झाली असेल, याची कल्पना करावी. तिचा मित्र डेनिस पेरॉन याचा जोडीदार १९९० मध्ये एड्सनं गेला. पेरॉननं शहरात रुग्णांसाठी गांजाचा क्लब उघडला, सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं सुमारे ५६ टक्के मतांनी वैद्यकीय गांजाला परवानगी दिली.

एकदा ही फट पडल्यावर भाषाही बदलली. कोलोरॅडोच्या प्रचारकांनी स्वातंत्र्याची भाषणं बाजूला ठेवली आणि ‘दारूसारखं नियमन करा’ एवढंच सांगितलं. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन दोन्ही राज्यांत चळवळ जिंकली. उरुग्वेनं २०१३ मध्ये, कॅनडानं २०१८ मध्ये देशभर मुभा दिली. दक्षिण आफ्रिकेत, गांजा पवित्र मानणाऱ्या रास्ताफारी पंथाचे गॅरेथ प्रिन्स २००२ मध्ये घटना न्यायालयात हरले होते. २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं खासगी वापर गुन्हा नाही असा निकाल दिला. जर्मनीनं एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगू दिला.

गंमत म्हणजे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात सर्वांसाठी विक्री खुली करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा पेरॉन त्याच्या विरोधात होता. गांजाचा प्रत्येक वापर हा औषधी वापरच, असं त्याचं मत. प्रस्ताव मंजूर झाला आणि दुकानं थाटली गेली. जुन्या शिक्षा पुसण्याची तरतूद त्यात होती, पण अर्ज ज्याचा त्यानं करायचा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकिलांनी २०१८ मध्ये १९७५ पासूनची प्रकरणं आपणहून उघडायचं जाहीर केलं. बाकी बहुतेक ठिकाणी हे काम तेव्हा अर्जांवरच चाललं होतं.