महामंदीतली सरकारी कामे: अमेरिकेतल्या बेकारी निवारणाची पार्श्वभूमी

१९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. बेकारांना पोसणे ही तोवर गावाची, काउंटीची आणि धर्मादाय संस्थांची जबाबदारी मानली जाई. मंदीत नेमक्या त्यांच्याच तिजोऱ्या आधी रित्या झाल्या, कारण स्थानिक उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर होता आणि तो भरायला लोकांकडे पैसा उरला नव्हता. अध्यक्ष हूव्हर यांनी जुलै १९३२मध्ये राज्यांच्या मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलर मंजूर केले, पण तेही कर्जाऊ.

रूझवेल्ट सत्तेवर आल्यावर, मे १९३३मध्ये, केंद्राने प्रथमच ५० कोटी डॉलर अनुदान म्हणून दिले. हे अनुदान वाटणाऱ्या ‘फेरा’ नावाच्या केंद्रीय मदत यंत्रणेचे प्रमुख होते हॅरी हॉपकिन्स. निम्म्या रकमेला अट होती : राज्य आणि स्थानिक मिळून तीन डॉलर खर्च झाले की केंद्राचा एक मिळणार. ज्या राज्यांची हालत सर्वांत वाईट, त्यांच्याकडे ते तीन डॉलरच नव्हते. म्हणून उरलेली निम्मी रक्कम गरज पाहून वाटायची मोकळीक ठेवली होती.

‘फेरा’ची खरी अडचण दारात सुरू होई. तपासनीस घरी येऊन बचत, विमा, नातेवाइकांची कमाई विचारी. मग कुटुंबाचा किमान खर्च आणि हाती असलेले उत्पन्न यांतली तूट काढली जाई आणि ती भरून निघेल तेवढीच मदत मिळे. पुष्कळ ठिकाणी तीही रोख नव्हे, वाण्याच्या नावाची चिठ्ठी. काम दिले तरी तुटीच्या हिशेबानेच तास मिळत. त्यामुळे एकाच रस्त्यावर कोणी दोन दिवस, कोणी चार दिवस येई आणि टोळी कधी जमतच नसे.

मोठी बांधकामे हॅरोल्ड इक्स यांच्या ‘पीडब्ल्यूए’ या सार्वजनिक बांधकाम यंत्रणेकडे होती, ३.३ अब्ज डॉलरची. इक्स प्रत्येक आराखडा, अंदाजपत्रक आणि करार स्वतः तपासत. भ्रष्टाचार रोखला गेला, धरणे आणि पूल भक्कम झाले. पण निविदा निघून काम सुरू व्हायला महिनोन् महिने लागत, आणि खर्चाचा मोठा वाटा सिमेंट, पोलाद, यंत्रे यांवर जाई. हिवाळा तोंडावर आला होता.

म्हणून ९ नोव्हेंबर १९३३ रोजी ‘सीडब्ल्यूए’ ही झटपट रोजगाराची योजना जाहीर झाली. ‘पीडब्ल्यूए’चे ४० कोटी डॉलर वळवले, कंत्राटदार वगळले, सरकार थेट मालक झाले. निम्मे कामगार मदतीच्या यादीतून आणि निम्मे केवळ बेकार म्हणून घेतले. त्यांची घरझडती नाही. अकुशल कामगाराला प्रदेशानुसार ताशी ४० ते ५० सेंट, आठवड्याला ३० तास. धनादेश काढायला माजी सैनिकांच्या खात्याची तयार यंत्रणा वापरली. जानेवारीत कामगारांची संख्या ४० लाखांवर गेली. हा वेग थक्क करणारा आहे, आणि त्याची किंमतही दिसली : माणसे हजर, पण अवजारे नाहीत, गोठलेल्या जमिनीत खोदाई. पैसा अंदाजापेक्षा लवकर संपू लागला, तेव्हा शहरात तास २४ आणि ग्रामीण भागात १५ केले. ४० सेंटच्या दरामुळे आपल्याला स्वस्त मजूर मिळत नाहीत, अशी दक्षिणेतल्या मळेवाल्यांची ओरड होतीच. मार्च १९३४अखेर योजना गुंडाळली. आमच्या मते हाच निर्णय सर्वांत महागात पडला, कारण लोक पुन्हा तुटीच्या हिशेबाकडे ढकलले गेले.

तरुणांना छावण्यांत ठेवून जंगलात काम देणारी ‘सीसीसी’ मात्र १९४२पर्यंत चालली. महिन्याला ३० डॉलर, त्यांतले साधारण २५ थेट घरी. निवड श्रम खात्याची, छावणी लष्कराची, जंगलातले काम कृषी खात्याचे आणि सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरियर खात्याचे.

मे १९३५च्या ‘डब्ल्यूपीए’ या नव्या केंद्रीय रोजगार योजनेत आधीच्या सगळ्या अनुभवांची भेसळ दिसते. बहुतेक माणसे मदतीच्या यादीतूनच, तीही घरटी एक. त्यामुळे नवरा घरात असला की बाईला सहसा जागा नसे. तासांऐवजी ठरावीक मासिक वेतन : खेड्यातल्या अकुशल कामाला १९ डॉलर, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला ९४. गवंडी-सुतारांचा ताशी दर युनियनच्या दराखाली गेला आणि न्यूयॉर्कमध्ये संप झाले. मग ताशी दर बाजाराएवढा केला, पण मासिक रक्कम तीच ठेवली. परिणामी कुशल कारागिराचे महिन्याचे तास लवकर संपत आणि त्याच्या हाताखालचे अकुशल मजूर मागे उरत. पाळ्या आखताना देखरेख करणारे मेटाकुटीला येत.

१९३७मध्ये अंदाजपत्रक सावरण्यासाठी कपात झाली, बेकारी पुन्हा उसळली आणि १९३८च्या अखेरीस ‘डब्ल्यूपीए’वर ३३ लाख माणसे होती. तरीही १९३९मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नियम केला : सलग १८ महिने काम केलेल्याला काढा. सात लाखांहून अधिक माणसे कामावरून काढली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या थोड्यांनाच खासगी नोकरी मिळाली. उरलेल्यांना कारखान्यांनी सामावून घेतले ते युद्धाच्या मागण्या आल्यावर. १९४३मध्ये ‘डब्ल्यूपीए’ बंद झाली.