सदाफुलीचा अर्क: शोध साखरेचा, सापडले कर्करोगाचे औषध

महाराष्ट्रात मधुमेह असलेली कित्येक माणसे सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने किंवा फुले चावून खातात. जमैकातही या पानांचा चहा मधुमेहावर घेतला जात असे. तेथून १९५२ साली पंचवीस पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. इन्सुलिनच्या शोधाच्या काळात त्याचे संशोधक बँटिंग यांच्या मदतीला जे दोन विद्यार्थी नेमले होते, त्यांतील एक हे नोबल. त्यांनी ती पाने वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली.

रॉबर्ट यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, तेव्हा रक्तातील साखर जवळजवळ हललीच नाही. मग तो शिरेतून टोचून पाहिला, तर काही दिवसांतच उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. येथे प्रयोग फसला म्हणून वही मिटणे सोपे होते. पण हे उंदीर नेमके कशाने मेले, हे त्यांनी तपासले, आणि त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या असून अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतील रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचे, कामच मंदावले असल्याचे त्यांना आढळले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचा रोग म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्यामुळे अर्कातील हे मारक द्रव्य शोधणे भाग होते. १९५४ मध्ये आलेले रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी ते वेगळे केले आणि १९५८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. ते द्रव्य म्हणजे विनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीही सदाफुली तपासत होती. तिच्या संशोधनातून व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे औषध निघाले. पेशी विभागताना तिच्या आत जो सूक्ष्म तंतूंचा सांगाडा उभा राहतो, तोच ही द्रव्ये उभा राहू देत नाहीत, त्यामुळे पेशींचे विभाजन थांबते.

आज एखाद्या वनस्पतीचा अर्क तपासताना उंदरांना आधी स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बऱ्याचशा बीटा पेशी नष्ट करतात आणि अशा मधुमेही उंदरांचे गट पाडतात. एका गटाला अर्क, दुसऱ्याला ग्लिबेनक्लामाइडसारखे नेहमीचे औषध, तर तिसऱ्याला नुसते पाणी दिले जाते. निरोगी उंदरांचा गट वेगळा असतो. या तिसऱ्या गटावाचून निष्कर्षाला काहीच अर्थ उरत नाही, कारण साखर आपोआपही वरखाली होते. ग्लिबेनक्लामाइड उरलेल्या बीटा पेशींकडूनच इन्सुलिन सोडवून घेते, त्यामुळे सगळ्या पेशी मेलेल्या उंदरात तेही निष्प्रभ ठरते आणि तुलनाच खोटी पडते.

अशा पद्धतीने केलेल्या काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचे नोंदलेले आहे. मात्र उंदरांतील असा निकाल माणसाला पाने चावण्याचा सल्ला देण्यास पुरेसा नाही. कोणत्या झाडाच्या पानात किती द्रव्य आहे हे चवीवरून कळत नाही, आणि त्याच पानात अस्थिमज्जेला दाबणारी द्रव्येही असतात. म्हणून जाणता संशोधक साखरेच्या आकड्याबरोबर उंदराचे वजन, त्याने खाल्लेले अन्न आणि रक्तपेशींची संख्याही नोंदतो. आजारी पडून खाणे टाकलेल्या उंदराची साखरही उतरतेच.