गुत्तीचा निळा कोळी

गावाकडं लग्नघरात भाच्यानं मोबाइल पुढं केला. "मामा, हे कुणीतरी रंगवलेलं असणार." फोटोत केसाळ, मोरपिशी निळा कोळी. सांध्यांवर पिवळेजर्द ठिपके, पाठीवर फिकट नक्षी. म्हटलं, रंगवलेला नाही आणि परदेशातलाही नाही. सोलापूरमार्गे तिरुपतीला जाताना गुंतकल सोडलं की गुत्ती लागतं ना, मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, तिथला हा. आपल्या लातूरहून सरळ रेषेत चारशे किलोमीटरांच्या आत.

सापडला तोही रेल्वेच्या लाकूडवखारीत. १८९९ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी त्याला पोएसिलोथेरिया मेटॅलिका हे नाव दिलं. ओंडक्यांसोबत तो तिथवर आला असावा. पुढं शंभर वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या पूर्व घाटाच्या जंगलात तो पुन्हा दिसला.

त्याच्या निळाईत निळं रंगद्रव्यच नसतं. केसांच्या आत अतिसूक्ष्म थर असतात, त्यांच्यावरून निळा प्रकाश तेवढा परततो. मोराच्या पिसाचंही असंच, पण पीस फिरवलं की रंग पालटतो. या कोळ्याचा निळा मात्र कुठूनही पाहा, जवळपास तसाच राहतो. एवढ्या देखण्या रंगाचा हा जीव दिवसभर अंधारात बसून असतो, याचं मला फार नवल वाटतं.

घर म्हणजे जुन्या उंच झाडाची ढोली. तिच्या तोंडाशी नरसाळ्यासारखं वेडंवाकडं जाळं. रात्री बाहेर येऊन तो उडते किडे झडप घालून धरतो. चावला तर वेदना तीव्र, पेटकेही येतात. मादी दहा-बारा वर्षं जगते, नराचं आयुष्य त्याहून बरंच कमी.

जंगल सरपणासाठी आणि लाकडासाठी तुटतंय, शिवाय हौशी लोक पाळायला म्हणून त्याला पकडून नेतात. २००८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. ढोली नव्या झाडाला होत नाही, तिला कित्येक दशकं लागतात. ढोल्या कमी पडल्या की या कुळातले कोळी एकाच ढोलीत दाटीवाटीनं राहतात. एरवी एकट्यानं राहणारा जीव!

आमच्या बांधावरच्या चिंचेलाही ढोली आहे. तिच्यात पिंगळा राहतो. झाड पोकळ झालं, पाडून टाकू, असं घरात चाललंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.