टेंडर-हरकतीच्या खर्चाची भरपाई (अमेरिका)

सरकारी कंत्राट चुकीच्या पद्धतीनं दुसऱ्याला दिलं गेलं अशी हरकत घेऊन ती जिंकणाऱ्या कंपनीला हरकत लढवण्याचा, आणि क्वचित मूळ टेंडर भरण्याचाही, खर्च सरकारी खात्याकडून परत मिळण्याची अमेरिकेच्या केंद्रीय खरेदीतली सोय. हरकत (तिकडे तिला प्रोटेस्ट म्हणतात) खुद्द खात्याकडे घेता येते, जीएओ म्हणजे गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाकडे घेता येते, नाहीतर कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये. इथे मुख्यतः जीएओचंच बघू, कारण खर्चाचे बारकावे तिथेच घडलेत. बुडालेला नफा मात्र कुठेच मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण 1956 सालच्या हेयर प्रॉडक्ट्स खटल्यापासून मोजतात. या कंपनीचं म्हणणं असं की सिनेटच्या समितीपुढे आपण साक्ष दिली म्हणून लष्करानं खुन्नस धरून आपलं कमी दराचं टेंडर बाजूला टाकलं. कोर्ट ऑफ क्लेम्सनं (कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सचं पूर्वीचं रूप) तत्त्व मान्य केलं की सरकार टेंडर मागवतं तेव्हा ते प्रामाणिकपणे तपासू असा न बोललेला करार त्यात असतो आणि तो मोडला तर टेंडर तयार करायचा खर्च मागता येतो. गंमत म्हणजे ज्या खटल्यातून हे निघालं त्यात पुढे आरोप सिद्ध झाला नाही आणि हेयरच्या हाती काहीच लागलं नाही. जीएओनंही हे तत्त्व 1970 च्या दशकात उचललं, पण वकिलाची फी यात कुठेच नव्हती, कारण ज्यानं त्यानं आपापल्या वकिलाचे पैसे द्यायचे हाच अमेरिकन कोर्टांचा मूळ नियम. म्हणून आजच्या अर्थानं भरपाईचा जन्म 1984 च्या कॉम्पिटिशन इन काँट्रॅक्टिंग ॲक्टमध्ये (सीआयसीए) धरणं जास्त बरोबर वाटतं, हेयरला फार तर पूर्वज म्हणावं.

सीआयसीएनं जीएओच्या प्रमुखाला, म्हणजे कंप्ट्रोलर जनरलला, जिंकणाऱ्याचा खर्च देय असल्याचं जाहीर करायचा अधिकार दिला आणि तिथेच ठिणगी पडली. जीएओ संसदेच्या अखत्यारीतलं, मग संसदेच्या माणसानं प्रशासनाच्या तिजोरीतून पैसे द्यायला लावायचे म्हणजे सत्ताविभागणी मोडली असं रेगन प्रशासनाचं म्हणणं, आणि खात्यांना थेट आदेशच गेला की ही कलमं पाळू नका. प्रकरण गाजलं ते एका गटाराच्या कामावरून. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या सांडपाण्याच्या पाइपांची दुरुस्ती, त्यात अमेरॉन कंपनीचं टेंडर बिड बाँडमधल्या (टेंडरसोबत द्यायच्या हमीपत्रातल्या) आकड्याच्या वादावरून नाकारलं गेलं, कंपनी जीएओकडे गेली तरी लष्कर काम थांबवेना, मग कंपनी कोर्टात. न्यू जर्सीच्या जिल्हा न्यायालयानं 1985 मध्ये आणि थर्ड सर्किट या अपील कोर्टानं 1986 मध्ये कायदा वैध धरला, सुप्रीम कोर्टानं ऐकायला घेतलं पण 1988 मध्ये न ऐकताच अपील निकालात काढलं. अमेरॉनमध्ये खरा वाद सीआयसीएतल्या काम थांबवण्याच्या कलमाचा (जीएओकडे हरकत असेपर्यंत काम थांबवायचं) होता, खर्चाच्या कलमाचा नाही, त्यामुळे तिथे दोन्ही प्रश्न सुटले असं जे लिहिलं जातं ते जरा जपूनच घ्यावं. खर्चाचा पेच न्यायाधीशांपेक्षा संसदेनं सोडवला असं म्हणणं जास्त पटतं, कारण 1994 च्या फेडरल ॲक्विझिशन स्ट्रीमलायनिंग ॲक्टनं कायद्यातला शब्दच बदलला आणि 'जाहीर करणं'च्या जागी 'शिफारस करणं' आलं. आता जीएओ फक्त शिफारस करतं, खात्यानं पैसे लगेच द्यावेत नाहीतर का देत नाही ते जीएओला कळवावं. बहुतेक खाती देतात.

त्याच 1994 च्या कायद्यानं वकिलाच्या फीवर तासाला 150 डॉलरची मर्यादा घातली, लघुउद्योगांना ती लागू नाही. समजा वकिलानं 500 डॉलर दरानं 120 तास काम केलं तर बिल 60,000 डॉलर. लघुउद्योगाला दर वाजवी ठरला तर पूर्ण मिळू शकतं, मोठ्या कंपनीच्या पदरात 18,000. महागाईप्रमाणे दर वाढवून मागता येतो, 2003 च्या सोडेक्सो प्रकरणात जीएओनं ते मान्य केलंय, पण मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही. शिवाय पाच मुद्दे मांडून एकच जिंकला आणि बाकीचे त्याच्याशी अजिबात न जुळणारे असतील तर त्यांचा खर्च वजा होतो. मुद्दे एकाच घटनेतून निघाले असतील तर सहसा सगळं धरतात. कंपनीच्या स्वतःच्या माणसांचा वेळ प्रत्यक्ष पगार आणि ओव्हरहेडच्या हिशेबानं धरतात, त्यावर नफा लावता येत नाही, आणि रकमेवर व्याजही नाही.

जिंकणं म्हणजे काय यातच खरी मेख आहे. बऱ्याच हरकती निकालापर्यंत जातच नाहीत, खातं मधेच माघार घेतं, टेंडर पुन्हा तपासतो म्हणतं आणि जीएओ केस बंद करतं. 2024 च्या आर्थिक वर्षात मूळ मुद्द्यावर निकाल लागलेल्यांपैकी जेमतेम 16 टक्के हरकती मान्य झाल्या, पण खात्याची माघार धरली तर एकूण 52 टक्के हरकतदारांना काही ना काही मिळालं. अशा माघारीत खर्च मिळतो तो दोन्ही गोष्टी दाखवल्या तरच, हरकत उघड उघड बरोबर होती आणि खात्यानं विनाकारण वेळ काढला. वेळ काढला की नाही हे साधारणपणे एका तारखेवर ठरतं, हरकत आल्यापासून 30 दिवसांत खात्याला आपला अहवाल द्यायचा असतो, त्याच्या आत माघार घेतली तर ती वेळेत धरली जाते आणि खर्च बुडतो. म्हणजे तुम्ही कितीही बरोबर असा, खातं एकोणतिसाव्या दिवशी नमलं तर वकिलाचं बिल तुमचंच. अहवाल देऊन भांडत बसलं आणि मग नमलं तर चित्र वेगळं. भरपाईची किल्ली हरकतदाराच्या हातात कमी आणि खात्याच्या वकिलाच्या कॅलेंडरात जास्त आहे, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

माघारीची खबर मिळाल्यापासून 15 दिवसांत जीएओकडे खर्चाची मागणी करायची, आणि शिफारस मिळाली की 60 दिवसांत खात्याकडे तपशीलवार, प्रमाणित दावा लावायचा. ही दुसरी मुदत फार कडक. कोणत्या वकिलानं कोणत्या दिवशी किती तास कशासाठी घालवले हे त्यात असावं लागतं, नुसतं 'कायदेशीर सेवा, एकूण रक्कम इतकी' असं बिल लावून साठावा दिवस गाठला तरी हक्क जाऊ शकतो. रकमेवर जुळलं नाही तर परत जीएओकडे. टेंडर तयार करण्याचा खर्च सहसा तेव्हाच मिळतो जेव्हा काम इतकं पुढे गेलेलं असतं की पुन्हा टेंडर काढण्यात अर्थ उरत नाही.

कोर्टात गणित वेगळं. तिथे पैशाच्या रूपात फक्त टेंडरचा खर्च मिळतो, वकिलाची फी हवी तर इक्वल ॲक्सेस टू जस्टिस ॲक्टखाली वेगळा अर्ज, तोही 70 लाख डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता किंवा 500 पेक्षा जास्त कामगार नसलेल्या कंपन्यांनाच, आणि सरकारची बाजू पुरेशी समर्थनीय ठरली तर तेही नाही.

उलटा प्रयोगही ठरला होता. 2018 च्या संरक्षण कायद्यानं 25 कोटी डॉलरहून मोठी उलाढाल असलेल्या कंपन्या हरल्या तर संरक्षण खात्याचा खर्च त्यांनी द्यावा अशी प्रायोगिक तरतूद केली, पण ती नीट राबण्याआधीच 2021 च्या कायद्यानं रद्द झाली.

जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारातही भरपाई टेंडरचा खर्च, हरकतीचा खर्च किंवा दोन्हींपुरती मर्यादित ठेवायची मुभा आहे. भारत 2010 पासून त्यात फक्त निरीक्षक आहे, आपल्याकडे टेंडरचा वाद राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात जातो आणि खर्चाचा हुकूम न्यायाधीशांच्या मर्जीवर.