१२८ स्टेप्स लावल्याने इंजिन जास्त पळत नाही

रत्नागिरी-चिपळूणकडे मॉडेल रेल्वेचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: हातातल्या डिजिटल कंट्रोलरवर २८ ऐवजी १२८ स्पीड स्टेप्स लावल्या की इंजिन जास्त पळतं. साफ चूक.

कमाल वेग ठरवतो तो डिकोडरमधला, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम घेणाऱ्या इंजिनातल्या चिपमधला, सीव्ही ५ (सीव्ही म्हणजे क्रमांक दिलेली सेटिंग). स्टेप्स ठरवतात ते फक्त शून्यापासून तिथवर किती टप्प्यांत जायचं. जिना तेवढ्याच उंचीचा, पायऱ्या तेवढ्या बुटक्या. त्यातही १२८ पैकी वेगाला १२६च मिळतात; एक साध्या थांब्याला जातो, एक आणीबाणीच्या.

फरक कळतो सावकाश चालीत. कोकण रेल्वेवरच्या पानवलच्या पुलाची प्रतिकृती करून तिच्यावरून मालगाडी रांगत न्यायची असेल, तर १२८च लावा.

खरी गंमत दिव्याची. वेग वाढवताना हेडलाइट एका टप्प्याला लागतो, पुढच्याला विझतो, आणि लोक ‘डिकोडर गेला’ म्हणून मोकळे होतात. गेलेला काही नसतो! कंट्रोलर २८ स्टेप्सवर आणि डिकोडर १४ स्टेप्सवर असतो, इतकंच. १४ च्या पद्धतीत दिव्यासाठी असलेला बिट (हुकुमातला ०-१ चा एक अंक) २८ मध्ये वेगाच्या कामाला लागतो, म्हणून डिकोडर वेगाचा हुकूम दिव्याचा समजतो. सीव्ही २९ मध्ये २८/१२८ ची निवड करा, दिवा स्थिर होईल.

आणि गाडी अधूनमधून अडखळत असेल तर आधी रूळ आणि चाकं पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर थर बसतो. तिथे स्टेप्स बदलून काडीचाही उपयोग नाही.